जुन्या लुगड्यांची गोधडी: पहिल्यांदा शिवणाऱ्यांसाठी

घरात आजीची किंवा आईची सुती लुगडी पडून आहेत, ती टाकवत नाहीत आणि कुणी नेसतही नाही, अशी तुमची स्थिती असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. चार वर्षांपूर्वी माझीही हीच स्थिती होती. आजी गेली, तिची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. आत सात लुगडी होती आणि सगळी इतकी धुतलेली की हातात घेतली तर पाण्यासारखी ओघळायची. यांची गोधडी करायची एवढं मनात पक्कं होतं. कशी करायची, ते ठाऊक नव्हतं.

पहिली गोधडी मी घाईत शिवली. वर बाजारातून आणलेलं नवं कापड लावलं, आत लुगडी घातली, शिलाई मशीनवर मारली. पहिल्याच धुण्यात नवं कापड आटलं, आतलं लुगडं जागोजागी फाटून गोळे झाले. आजीची दोन लुगडी त्यात गेली, ती परत येणार नाहीत. नंतर आत्याकडे जाऊन पंधरा दिवस राहिले आणि तिच्या हाताखाली दुसरी गोधडी केली. आत्याचं गाव कागल तालुक्यात आहे. तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात. या लेखातलं बहुतेक सगळं तिनं शिकवलेलं आहे, काही थोडं पुढच्या तीन गोधड्यांनी शिकवलं.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवते, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. गोधडी उसवता येईल अशी शिवायची असते. वरचं कापड विरलं की ते काढून किंवा त्याच्यावरच नवं चढवून ती पुन्हा वापरात येते. हे लक्षात ठेवलं की दोरा कोणता, टाका केवढा, मशीन का नको, या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

आणखी एक गोंधळ इथंच मिटवू. रजई किंवा दुलई म्हणजे खोळीत कापूस भरलेला. गोधडीत कापूस नसतो. कापडावर कापड, त्यावर कापड, आणि सगळ्या थरांतून आरपार गेलेला धावदोरा, म्हणजे सुई वर-खाली नेत घातलेले साधे सरळ टाके, एवढीच तिची रचना. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. म्हणून दोन-तीन थरांची गोधडी उन्हाळ्यात पहाटे पांघरायला पुरते आणि पाच थरांची डिसेंबरात.

लागणारं सामान

- दोन जुन्या सुती साड्या किंवा लुगडी, आणि ठिगळांसाठी चिंध्या: सदऱ्यांचे, परकरांचे, फ्रॉकचे तुकडे
- जाड सुती दोरा, दुपदरी वापरणार असाल तर सुमारे २०० मीटर
- लांब, जाड, मोठ्या नेढ्याच्या सुया, किमान चार. दाभण घेऊ नका, ते पोत्यासाठी असतं आणि विरलेल्या कापडाला भोकं पाडतं
- अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटात घालायची टोपी
- मेणाचा तुकडा, साधी मेणबत्तीही चालते
- कात्री, मोजपट्टी, खडू
- कच्च्या टाक्यांसाठी वेगळ्या रंगाचा स्वस्त दोरा
- थर दाबून ठेवायला चार-सहा जड वस्तू. आत्या वरवंटा आणि पितळी तांबे ठेवते, मी पुस्तकं ठेवते

आणि हवी जमीन. पलंगावर गोधडी लावता येत नाही. सात फूट लांब, पाच फूट रुंद मोकळी फरशी नसेल तर गच्ची किंवा सोसायटीचा हॉल शोधा.

गावाकडे हे काम उन्हाळ्यात चालतं. सुगी उरकलेली असते, पाऊस आलेला नसतो, धुतलेलं कापड दुपारपर्यंत कडक वाळतं. दोघी-चौघी मिळून एकेका बाजूला बसतात. शहरात तुम्ही एकट्याच शिवणार असाल तरीही काम मार्च ते मे या महिन्यांत करा. पावसाळ्यात दमट कापड आत शिवलं गेलं तर त्याचा वास पुढे वर्षभर जात नाही.

१. कापड निवडा, आणि इथं घाई करू नका

सुती कापडच हवं. साडी सुती आहे असं घरचे सांगतात, पण सत्तर-ऐंशीच्या दशकांनंतरच्या कित्येक साड्यांत मिश्र धागा असतो. कडेचा एक धागा उसवून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळल्यासारखाच वास येतो आणि बोटांत चुरगळणारी राख राहते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. मणी झाला तर ती साडी बाजूला ठेवा. पॉलिस्टर घाम शोषत नाही, आणि सुती थराशी त्याचं जमत नाही. एक सुरकुततं, दुसरं सुरकुतत नाही.

मग कापडाचं वय पाहा. साडी उजेडासमोर धरा. जिथं वीण विरळ दिसते तिथं दोन्ही हातांनी हलकेच ताणा. लगेच चिरली तर ते कापड विरलेलं आहे. विरलेलं म्हणजे निरुपयोगी नव्हे, त्याची जागा वेगळी एवढंच. आत्या कापडाचे तीन ढीग करते:

अस्तराचं, म्हणजे खालचं: मजबूत, एकसलग, गडद रंगाचं.
पोटातलं: विरलेलं, डाग पडलेलं, रंग उडालेलं. जितकं मऊ तितकं बरं.
वरचं: मऊ पण अजून धड असलेलं. डोळ्यांना दिसणारं हेच.

नवं कापड वर लावायची माझी चूक बरेच जण करतात, कारण ते दिसायला छान असतं. नवं कापड वापरायचंच असेल तर आधी तीन-चार वेळा गरम पाण्यात धुऊन त्याला आटू द्या. तरी जुन्या कापडाशेजारी ते कडक लागतंच.

इरकल लुगड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण दक्षिण महाराष्ट्रातल्या बहुतेक ट्रंकांमध्ये ती सापडतील. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावावरून हे नाव आलं. अंग सुती असतं, पण काठ आणि लाल पदर बहुधा रेशमाचे किंवा कृत्रिम रेशमाचे. धुतल्यावर सुती अंग आणि रेशमी काठ सारखे आटत नाहीत. म्हणून काठ अंगापासून वेगळा करा आणि गोधडीच्या कडेला लावायला जपून ठेवा. काठ पोटात घातलात तर तिथं उंचवटा येतो आणि झोपताना पाठीला लागतो. काठाला जरीचा धागा असेल तर तोही काढा, अंगाला टोचतो.

२. धुवा, रंग तपासा, वाळवा

सगळं कापड एकदा साबणानं आणि एकदा नुसत्या पाण्यानं धुवा. खळ राहता कामा नये, खळीच्या कापडाला कसर लागते.

रंग जातो की नाही हे पाहायला पांढरी चिंधी ओली करून कापडावर जोरात घासा. चिंधीला रंग लागला तर ते कापड पांढऱ्या किंवा फिकट तुकड्याशेजारी लावू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग बसतो असं घरोघरी सांगतात, पण प्रत्येक रंग मिठानं बसत नाही. माझ्या तिसऱ्या गोधडीत लाल पदराचा तुकडा मिठात रात्रभर ठेवूनही शेजारच्या पिवळ्यावर उतरला. आता मी चिंधीवरच विश्वास ठेवते.

३. माप ठरवा

सहावारी साडी प्रत्यक्षात साडेपाच मीटर भरते, म्हणजे सुमारे २१६ इंच. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण ४५ इंच. २१६ इंचांचे तीन भाग केले तर ७२ इंचांचे, म्हणजे सहा फुटांचे तीन तुकडे मिळतात. तेव्हा एका साडीतून पावणेचार फूट बाय सहा फूट मापाचे तीन थर निघतात, काहीही वाया न जाता. नऊवारी ३२४ इंच, त्यातून असेच साडेचार थर.

पहिल्या गोधडीसाठी हेच माप घ्या. एक माणूस नीट पांघरू शकतो आणि पन्ह्याला जोड द्यावा लागत नाही. दोन साड्यांतून सहा थर निघतील: मजबूत साडीतून अस्तर, वरचा थर आणि ठिगळांसाठी एक तुकडा, जुन्या साडीतून पोटातले तीन थर. पाच थरांपलीकडे पहिल्यांदाच जाऊ नका. सातव्या थराला सुई अडते, आणि मनगट दुखायला लागलं की टाके वेडेवाकडे पडतात.

त्याहीआधी हात बसवायचा असेल तर बाळाचं दुपटं करा, एक वार बाय एक वार, दोन किंवा तीन थरांचं. आठवड्यात होतं. ते बाळाच्या अंगाखाली अंथरायला द्या. वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळावर सुटं पांघरूण घालू नये, असं डॉक्टर सांगतात.

मोठी, दोघांची गोधडी हवी असेल तर पन्ह्याला पन्हा जोडावा लागतो. तेव्हा प्रत्येक थराचा जोड वेगळ्या ठिकाणी येऊ द्या. पाचही थरांचे जोड एकावर एक आले तर मधोमध दोरीसारखी रेघ उभी राहते.

कापड कात्रीनं कापण्यापेक्षा कडेला छोटी चीर देऊन टरकवा. टरकवलेलं कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. कात्री तिरकी गेली की धुतल्यावर गोधडीही तिरकी होते. विरलेलं कापड मात्र कात्रीनंच कापा.

४. थर लावा

गोधडी चांगली होते की बिघडते ते इथं ठरतं. शिवण नंतरची.

फरशी झाडून पुसून कोरडी करा. अस्तर उलटी बाजू वर करून पसरा, चारही कडा हलकेच ताणून वजनं ठेवा. ताणणं म्हणजे सुरकुती जाण्यापुरतं, खेचून नव्हे. खेचलेलं कापड वजनं काढली की आखडतं आणि वरच्या थरांना झोळ येतो.

त्यावर पोटातला पहिला थर. मधून बाहेर हात फिरवत हवा काढा. मग दुसरा, तिसरा. विरलेल्या जागा एकावर एक येत नाहीत ना हे बघा. लुगड्याचा गुडघ्याजवळचा आणि बसण्याचा भाग जास्त झिजलेला असतो, म्हणून एक थर इकडून आणि दुसरा तिकडून फिरवून लावा. कुठे भोक असेल तर तिथं चिंधीचा तुकडा ठेवा, शिवायची गरज नाही, धावदोरा त्याला धरून ठेवील.

प्रत्येक थर झाला की डोळे मिटून तळहात सगळीकडे फिरवा. डोळ्यांना न दिसलेली घडी हाताला कळते. आत्या थर लावताना कुणाशी बोलत नाही. तिच्या हातांकडे पाहूनच मला कळलं की मी पहिल्या गोधडीत हे काम दहा मिनिटांत उरकलं होतं. ती त्याला अख्खी सकाळ देते.

वरचा थर शेवटी, सुलट बाजू वर.

५. ठिगळं मांडा

तुकडे आधी एकमेकांना जोडून मोठं कापड करायचं आणि मग ते वर चढवायचं, असं परदेशी पद्धतीच्या चित्रफितींत दाखवतात. त्यासाठी माप अचूक लागतं. आपल्याकडची रीत सोपी आहे. वरचा अख्खा थर तळाला असतोच, त्याच्यावर ठिगळं ठेवायची, कडा पाव इंच आत दुमडायच्या आणि धावदोऱ्यानं सगळं एकत्र पकडायचं. तुकडा थोडा लहानमोठा झाला तरी काही बिघडत नाही.

चौकोनी आणि आयताकृती तुकड्यांनी सुरुवात करा. त्रिकोणाची तिरकी कड ताणली जाते, ती पुढच्या गोधडीसाठी ठेवा. सगळे तुकडे नुसते मांडा, दुमडू नका, आणि खुर्चीवर उभं राहून वरून बघा. फोनवर रंग काढून काळापांढरा फोटो घ्या. रंग वेगवेगळे असूनही फोटोत सगळं एकसारखं करडं दिसलं तर गडद आणि फिकट तुकडे नीट विखुरलेले नाहीत. गडदाशेजारी फिकट येईपर्यंत हलवत राहा. मांडणी पसंत पडली की रात्रभर तशीच ठेवून सकाळी पुन्हा बघा. सकाळी मी दरवेळी किमान पाच-सहा तुकडे बदलते.

मांडणी सुचत नसेल तर शेतं डोळ्यांसमोर आणा. बौद्ध भिक्खूंचं चीवर, म्हणजे त्यांचं अंगावरचं वस्त्र, असंच ठरलं. टाकलेल्या चिंध्या गोळा करून ते शिवत. विनयपिटक या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात कथा आहे की मगधातली बांधांनी आखलेली भातशेतं दाखवून बुद्धांनी आपल्या आनंद नावाच्या शिष्याला विचारलं, अशी चीवरं करता येतील का, आणि आनंदानं तशी करून दाखवली. आजही चीवराला ती चौकटीची जोडणी असते. माझ्या दुसऱ्या गोधडीत मी तेच केलं: मोठे चौकोन वावरांसारखे आणि त्यांच्यामध्ये इरकलीच्या काठाच्या अरुंद पट्ट्या बांधांसारख्या. पहिल्यांदाच शिवणाऱ्याला ही मांडणी जमते, कारण पट्टीखाली चौकोनांच्या कच्च्या कडा झाकल्या जातात आणि दुमडायचं काम निम्मं होतं.

ठिगळ कुणाचं आहे, हेही मांडताना मनात असू द्या. आत्याच्या वाकळीत काकांच्या सदऱ्याचा खिसा तसाच्या तसा लावलेला आहे, बटणासकट. मी बटण काढते, ते टोचतं, पण खिसा ठेवते.

आत्याच्या तरुणपणी पाहुणे आले की ठिगळांच्या वाकळी आत नेऊन ठेवत आणि पाहुण्यांना कोरी चादर देत. ठिगळ म्हणजे गरिबी, ती कुणाला दिसू नये. आणि त्याच महाराष्ट्रात एक माणूस अंगावर गोधडीसारखं ठिगळांचं वस्त्र घालून, हातात खराटा घेऊन गावोगाव फिरत होता. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराजही म्हणत. १८७६ ते १९५६ एवढं त्यांचं आयुष्य. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "व्हय, आमच्या आबांनी बघितलंय त्यास्नी." आणि त्या दिवशी तिनं मला पांघरायला स्वतःची जुनी वाकळ काढून दिली.

६. कच्चे टाके घाला

ही पायरी गाळायचा मोह सगळ्यांना होतो. गाळू नका.

वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, म्हणजे नंतर काढताना दिसेल. मध्यबिंदूपासून चारही दिशांना, मग कोपऱ्यांकडे, वीतभर अंतरानं लांब टाके घालत जा. सगळे थर पकडले जायला हवेत. अधूनमधून खाली हात घालून अस्तर सरकलेलं नाही ना ते पाहा. हे झालं की गोधडी उचलून मांडीवर घेता येते, गुंडाळून कपाटावर ठेवता येते. कच्चे टाके न घालता उचललीत तर वर लावलेली सकाळ वाया गेली असं समजा.

७. धावदोरा

दोरा एक हात लांब घ्या, जास्त नको. लांब दोरा गुंततो आणि प्रत्येक थरातून ओढला जाऊन निम्म्यात झिजतो. मेणाच्या तुकड्यावरून दोनदा फिरवा. दोरा सुतीच हवा. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो म्हणून लोक घेतात, पण तो कापडापेक्षा मजबूत असतो हीच अडचण आहे. ताण आला की कुणीतरी तुटणार. सुती दोरा असेल तर तो तुटतो आणि पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो. पॉलिस्टरचा असेल तर तुमच्या आजीचं लुगडं चिरतं. बंगालमध्ये कांथा, म्हणजे तिकडची गोधडी, शिवणाऱ्या बायका तर जुन्या साडीच्या काठातले रंगीत दोरे उसवून त्यांनीच शिवत. तो दोरा कापडाइतकाच वापरलेला, कापडाइतकाच मऊ.

मशीनबद्दलही तेच. मशीनची शिवण बारीक आणि घट्ट असते, विरलेल्या कापडाला तिकिटासारखी भोकं पाडते, आणि उसवायला गेलं तर कापड सोबत येतं.

सुरुवात बाहेरच्या कडेपासून. पहिली ओळ कडेला समांतर, कोपऱ्यावर वळायचं, चारही बाजू फिरून यायचं, मग बोटभर आत दुसरी फेरी. अशी फेऱ्याफेऱ्यांनी मध्यापर्यंत. प्रत्येक फेरीआधी हात कडेकडून आत फिरवून बघा. कापड पुढे ढकललं जाऊन मध्ये फुगा जमायला लागला असेल तर तो लगेच दिसतो. दिसला तर दोन फेऱ्या उसवा. पुढे जिरेल असं वाटतं, पण जिरत नाही.

गाठ बाहेर ठेवू नका. वरच्या थराखाली सुई घालून दोरा हलकेच खेचला की गाठ टप्कन आत जाते आणि पोटात बसते. सुईवर एका वेळी तीन-चार टाके भरून मग ओढा. टाका पाव इंचाचा, मोकळी जागाही पाव इंचाची. दोन ओळींमध्ये एक इंच अंतर.

या मापानं ४५ बाय ७२ इंचांच्या गोधडीत सगळ्या ओळी मिळून सुमारे ३२४० इंच, म्हणजे ८२ मीटर भरतात. दोरा वर-खाली जातो म्हणून शंभर मीटर धरा, दुपदरी असेल तर दोनशे. टाके साधारण साडेसहा हजार. हा आकडा घाबरवायला सांगत नाही. रोज किती शिवायचं ते ठरवता यावं म्हणून सांगते. मी रोज रात्री तास-दीड तास बसून चोवीस दिवसांत पूर्ण केली. आठवड्यात संपवायची म्हणाल तर शेवटच्या दोन दिवसांचे टाके लांब पडलेले आयुष्यभर दिसतील.

दोरा किती ओढायचा, हे सांगून कळत नाही, तरी प्रयत्न करते. ओढल्यावर कापडाला खळी पडली तर जास्त झालं. टाका कापडावर नुसता टेकला पाहिजे. माझा दोरा बघून आत्या रोज म्हणायची, "वडू नगंस गं त्येला. बसू दे." पहिल्या धुण्यात दोराही थोडा आटतो आणि मग ती सुरकुतलेली मऊ लाट उमटते, जिच्यामुळे गोधडी गोधडीसारखी दिसते. आधीच ओढून ठेवलं तर ती आखडते.

बोटं दुखायला लागली की थांबा. सुई बोटात गेली आणि रक्ताचा डाग पडला तर लगेच गार पाण्यानं पुसा. गरम पाण्यानं डाग पक्का होतो.

८. कड आणि कोपरे

जपून ठेवलेला काठ इथं कामी येतो. काठाची पट्टी मधोमध दुमडून गोधडीच्या कडेवर बसवा आणि दोन्ही बाजूंनी पकडत शिवा. कड सगळ्यात आधी झिजते, कारण आपण तिलाच धरून पांघरूण ओढतो, म्हणून इथं टाके दाट घाला. काठ नसेल तर अस्तर दोन इंच मोठं ठेवून वर दुमडलं तरी चालतं. हे आधी ठरवावं लागतं, तेव्हा कापड कापण्यापूर्वीच विचार करा.

उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी लोक जी कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, तिच्या कोपऱ्यांना घड्या घातलेल्या चिंध्यांची फुलं लावतात. फुलांशिवाय गोधडी उघडी वाटते, अशी त्यांची भावना. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे हे वंशज यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात राहतात आणि कडेपासून आत फेऱ्या घालत आपल्यासारखंच शिवतात. मी माझ्या गोधडीला एकाच कोपऱ्याला फूल लावलंय. अंधारात हात लावला की डोक्याकडची बाजू कोणती ते कळतं.

शेवटी कच्चे टाके काढा. एकही राहू देऊ नका, ते अडकून ओढले जातात.

दुसऱ्याकडून शिवून घेणार असाल तर

वेळ नसेल तर यात कमीपणा काही नाही. गावोगावच्या बचत गटांतल्या बायका हे काम करतात. फक्त चार गोष्टी आधी बोलून घ्या: शिवण हाताची की मशीनची, आत तुमचंच कापड जाणार की दुसरं, दोरा सुती आहे का, दोन ओळींत अंतर किती. मी एकदा एका ठिकाणी तीन साड्या दिल्या. परत आलेल्या गोधडीत वर माझी साडी होती आणि पोटात पॉलिस्टरचा पातळ थर. उसवल्यावरच कळलं. तेव्हापासून कापड मोजून, फोटो काढून देते. आणि मजुरीत घासाघीस करू नका. वर टाक्यांचा हिशोब दिलाच आहे.

९. वापर, धुणं, दुरुस्ती

वर्षातून दोनदा धुवा, एरवी महिन्यातून एकदा कडक ऊन द्या. ओली गोधडी कोरडीपेक्षा दुपटी-तिपटीनं जड होते, म्हणून एका दोरीवर लोंबकळत वाळवू नका. दोन-तीन दोऱ्यांवर आडवी पसरा आणि दुपारी उलटा. पिळू नका, नुसतं निथळू द्या. मशीनमध्ये घालायचीच असेल तर मोठ्या पिशवीत घालून, सर्वांत हळू फेरीवर.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, जुन्या सुती साडीत गुंडाळा. कडुनिंबाचा वाळलेला पाला मध्ये घाला. घडी दरवेळी वेगळ्या ठिकाणी मोडा, एकाच घडीवर कापड तुटतं.

दोरा तुटलेला दिसला की त्याच आठवड्यात घाला. एक ओळ सुटली की आतला थर तिथून गोळा व्हायला लागतो.

आठ-दहा वर्षांनी वरचा थर विरेल. तेव्हा गोधडी टाकू नका आणि सगळी उसवूही नका. फक्त कड उसवा, वर नवा जुना थर चढवा, कच्चे टाके घाला, पुन्हा फेऱ्या घाला. अख्खी जुनी गोधडी आता पोट झाली. आत्यानं दिलेली वाकळ मी गेल्या उन्हाळ्यात अशीच दुरुस्त करायला घेतली, तेव्हा उसवलेल्या कडेतून आत दुसरीच एक वाकळ दिसली, हिरव्या-निळ्या चौकटींची. तिच्याही कडेला बोट घातलं, तर आत आणखी एक थर होता, रंग उरलेला नाही, फक्त वीण. आत्यालाही तो कुणाचा ते सांगता आलं नाही. मी तो होता तिथंच राहू दिला आणि वर माझ्या शाळेच्या पिनाफोरचे तुकडे लावले.

तेव्हा शेवटचा दोरा संपवताना एवढं करा. गाठ पोटात घ्या, पण दोऱ्याचं टोक बरोबर कापू नका. चार बोटं शेपूट अस्तराच्या बाजूला, खालच्या डाव्या कोपऱ्यात मोकळं सोडा. पुढे जी कुणी ही गोधडी उघडेल तिला कुठून उसवायचं ते कळेल. त्या आतल्या वाकळीतही ते शेपूट डाव्या कोपऱ्यातच होतं.